वाकडी निळी रेघ

हॅल्डेन, सस्कॅचेवान
१४ जानेवारी

स्टेफाताई,

नाताळचं पत्र मिळालं, पण ते तू लिहिलेलं नाहीस. मजकूर तुझा आहे, टोमणेही तुझेच आहेत, अक्षर मात्र तुझं नाही. माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तू करायचीस, तेव्हापासून तुझा हात मला ठाऊक आहे. हे गोलगोल, शाळेतल्या बाईंनी फळ्यावर काढावं तसं अक्षर कुणाचं? तुझ्या घरात कोण वावरतंय आणि कशासाठी, ते आधी कळव.

आता माझ्याकडची गोष्ट. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात ते काही खोटं नाही. हल्ली दर शनिवारी कर्टिस माझ्याकडे आइस हॉकी बघायला येतो. इतकी वर्षं लारिसाने ओढून आणल्याशिवाय जो माझी पायरी चढला नाही, तो आता आपणहून येतो. बिअरसुद्धा स्वतःची आणतो. आणि मॅच कमी बघतो, मला जास्त बघतो. परवा म्हणाला, "बाबा, तुमचा टीव्ही जुना झाला. आता फोर-के आलेत. चित्र इतकं बारीक की बर्फावरचे ओरखडे मोजून घ्या."

मी म्हटलं, "ओरखड्यांचं काय लोणचं घालू? चकती दिसली की झालं."

"तीच तर तुम्हाला दिसत नाही ना," म्हणाला, आणि बाटलीवरचा कागद सोलत बसला.

चकती दिसत नाही हे खरं आहे, ताई. टीव्ही गेलाय. खेळाडू दिसतात, काठ्या दिसतात, आणि चकती ऐन गोलसमोर आली की गडप. मला तर केबलवाल्यांचाच संशय येतो. लोकांनी नवीन काहीतरी घ्यावं म्हणून जुन्या टीव्हीवर मुद्दाम फिकं चित्र सोडत असतील. त्यांच्याकडे फोन केला तर एक पोरगी म्हणाली, "सर, आमच्याकडून सगळं ठीक दिसतंय." तिला तिथे बसून माझा टीव्ही दिसतो, आणि मला इथे बसून दिसत नाही!

पण कर्टिसला माझ्या टीव्हीचा इतका पुळका का? पाणी कुठेतरी मुरतंय. मला काय वाटतं ते सांगतो. म्हाताऱ्याच्या घरी भिंतभर टीव्ही लावून दिला की म्हातारा गारठ्यात गावच्या बर्फाच्या रिंकवर यायचा नाही, आणि गोलमागची काचेची पेटी रिकामी होईल. त्या पेटीत बसून, चकती रेघेच्या आत गेली की लाल दिवा लावायचं काम बाबांनंतर माझ्याकडे आलं. माझी मारुसिया गेली त्या हिवाळ्यातही मी एक मॅच चुकवली नाही. कर्टिस आमच्या गावाच्या टीममधून खेळतो. त्याच्या कुणा दोस्ताचा त्या पेटीवर डोळा असणार.

तू मागच्या वर्षी मोठा फोर-के घेतलास. खरं सांग, फरक पडतो का, की सगळ्या दुकानदारांच्या गप्पा? फोन करू नकोस. फोनवर आपण भांडतो, कागदावर निदान दोघांचं वाक्य पुरं होतं.

तुझा,
ओरेस्ट


थंडर बे
२४ जानेवारी

ओरेस्ट,

अक्षर ओडेटचं आहे. खालच्या मजल्यावर राहते, जन्मभर शाळेत फ्रेंच शिकवलं, म्हणजे बाईंचं अक्षर हा तुझा अंदाज बरोबर. माझं मनगट दुखतं. मी बोलते, ती लिहिते. शुद्धलेखन ती सुधारते, टोमण्यांना हात लावायचा नाही असं आमचं ठरलंय. तिचा माझ्या घरावर, चमच्यांवर किंवा पेन्शनवर डोळा नाही. विचारशील म्हणून आधीच सांगितलं.

टीव्हीचं. दुकानात तू जो टीव्ही बघशील त्यावर पोपट असतील, धबधबा असेल, कापलेलं डाळिंब असेल. ती चित्रं त्या टीव्हीसाठीच काढलेली असतात, आणि वर उजेड असा चढवून ठेवतात की शेजारचा चांगला टीव्हीसुद्धा आजारी दिसावा. तुझ्या घरी पोपट येणार नाहीत. तुझ्या घरी येणार केबलवरची हॉकी, आणि ती येते जुन्याच मापाची. नवा टीव्ही ती ताणून मोठी करतो. बोर्श्तमध्ये पाणी घातलं की पातेलं भरतं, चव वाढत नाही.

दुसरं म्हणजे बारीक चित्राचा फायदा जवळ बसणाऱ्याला. तुझी खुर्ची त्या मागच्या भिंतीला, हीटरशेजारी. तिथून जुना काय आणि नवा काय, चांगल्या डोळ्यालाही फरक कळायचा नाही. तेव्हा काही घेऊ नकोस. खुर्ची पुढे ओढ. फुकटचं काम आहे, म्हणजे तुला आवडेल.

माझ्या टीव्हीचं विचारलंस. बरा आहे.

आता मला एक सांग. चकती दिसत नाही म्हणजे नेमकं काय? सगळीकडेच पुसट, की फक्त मध्येच जाते? वरच्या कोपऱ्यातला स्कोअर वाचता येतो का? नीट बघून लिही, तुझ्या त्या केबलवालीसारखं उडवून लावू नकोस.

कर्टिस मला आवडतो. मी हे तुझ्या मुलीच्या लग्नातही म्हटलं होतं, आणि तू तेव्हाही तोंड असंच केलं होतंस.

स्टेफा


हॅल्डेन
६ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र यायच्या आधीच घात झाला. वाढदिवसाच्या दिवशी दार उघडतो तो कर्टिस आणि त्याच्या टीममधले दोन धटिंगण एक खोकं आडवं धरून आत. मला न विचारता जुना टीव्ही तळघरात. लारिसा केक घेऊन मागे, डोळ्यांत पाणी. वाढदिवसाला कुणी रडतं का? मला ती मेजवानी कमी आणि निरोप समारंभ जास्त वाटला.

टीव्ही लावला. कर्टिस म्हणाला, "आता बोला, बाबा." मी बघितलं, आणि काय सांगू तुला, माल सदोष! रिंकवरची निळी रेघ मध्येच वाकडी. सरळ येते, मधोमध पोटात कुणी बोट घालावं तशी आत जाते, पुन्हा सरळ होते. बातम्या लावल्या तर त्या बाईला कपाळ आहे, हनुवटी आहे, आणि नाकाच्या जागी धुकं. मी म्हटलं, "हा पडलेला माल तुझ्या गळ्यात मारलाय." कर्टिस पडद्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो. "मला रेघ सरळ दिसते," म्हणे. दिसणारच. विकत आणणाऱ्याला वाकडं कसं दिसेल?

मी हट्टाने बदलून आणायला लावला. दुसरा आला. त्यातही तीच रेघ तिथेच वाकडी! म्हणजे गाडीभर माल एकाच ठिकाणी आपटलेला. दुकानदार आणि कर्टिस यांचं काहीतरी साटंलोटं आहे हे आता तूही मान्य करशील.

स्कोअरचं विचारलंस. कोपऱ्यातला स्कोअर थेट बघितला तर जातो. पण मी तिरकं, दाराकडे बघितल्यासारखं केलं की दिसतो. चकतीचंही तसंच. तेव्हा हल्ली मी मॅच दाराकडे बघूनच बघतो. हा कसला टीव्ही, जो त्याच्याकडे न बघितल्यावर दिसतो?

तुझ्या टीव्हीबद्दल तू फक्त "बरा आहे" लिहिलंस. जिने नवीन किटली घेतल्यावर मला चार पानं लिहिली ती भिंतभर टीव्हीला दोन शब्दांत उरकते, हे माझ्या लक्षात आलेलं नाही असं समजू नकोस.

आणखी एक झालं. तुला दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगतो. शुक्रवारी शेजारच्या पिनक्रीक गावाबरोबर मॅच होती. शेवटच्या सत्रात बरोबरी. कर्टिसने डावीकडून मारली, गोलसमोर गर्दी, मी दिवा लावला. रेफ्री पलीकडच्या बाजूला होता, त्याने दिव्यावर भरवसा ठेवला. आम्ही जिंकलो. आणि पिनक्रीकवाले म्हणतात चकती खांबाला लागून परत आली! त्यांचा गोलकीपर ड्वेन काचेवर मूठ आपटून म्हणाला, "जावयासाठी दिवा लावलास, म्हाताऱ्या!" मी, कर्टिससाठी! ज्याला मी जेवताना मीठसुद्धा सरकवत नाही! बाहेर आलो तर माझ्या पिकअप ट्रकच्या काचेवरच्या दहिवरात कुणीतरी बोटाने "लबाड" लिहून ठेवलेलं, आणि डावीकडचा आरसा तुटलेला. आरसाही त्यांनीच तोडला असणार.

लबाड म्हणू देत. मला काही फरक पडत नाही. पण त्या दिवशी त्यांनी गाईंच्या गळ्यातल्या घंटा आणल्या होत्या, आणि ड्वेनची आई सगळ्यांत मोठी घंटा घेऊन नेमकी माझ्या पेटीशेजारी उभी. रिंकवर इतका आवाज करू देतात का? मी रिंकच्या कमिटीकडे घंटांची तक्रार केलीय.

ओरेस्ट


थंडर बे
१३ फेब्रुवारी

ओरेस्ट,

काल मी फोन केला आणि "डोळे" हा शब्द उच्चारताच तू फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच ठेवता येतं, पण तू ठेवणार नाहीस. तुझा संशय तुला शेवटपर्यंत वाचायला लावेल.

स्वयंपाकघराच्या दारासमोर उभा राहा. उजवा डोळा हाताने झाक आणि दाराच्या चौकटीकडे बघ. मग डावा झाक आणि बघ. चौकट सरळ आहे की वाकडी, एवढंच मला कळव. चौकट कर्टिसने विकत आणलेली नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक दुसऱ्याला हसायला म्हणतात. तुला तर अंगण खरंच वाकडं दिसतंय आणि तू अंगण बदलून आणायला पाठवतोयस.

दोन टीव्ही एकाच जागी वाकडे कसे असतील, याचा एकदा शांतपणे विचार कर. तू शाळेत गणितात माझ्यापुढे होतास.

आणि एक विचारते, रागावलास तरी चालेल. घंटांचा तुला इतका राग का? गोल डोळ्यांनी बघायचा असतो. कानांचं त्यात काय काम? चकती आत जाताना तू बघितलीस का?

स्टेफा

ओडेटची स्वतःची ओळ: श्रीमान ओरेस्ट, आपली ओळख नाही. तरी विनंती करते, तुमच्या बहिणीचं ऐका. हे सांगताना तिला दोनदा थांबावं लागलं.


हॅल्डेन
२० फेब्रुवारी

स्टेफाताई,

आता सगळं उघड झालं. तू, लारिसा आणि कर्टिस, तिघांचा एकच बेत आहे. आधी म्हाताऱ्याचे डोळे गेले म्हणायचं, मग ट्रकची चावी घ्यायची, मग पेटी, मग घर, आणि शेवटी मला यॉर्कटनच्या वृद्धाश्रमात नेऊन सकाळी मऊ भात आणि संध्याकाळी बिंगो. तुझी ती ओडेट तुला हे सगळं शिकवतेय. ज्या बाईला मी बघितलंही नाही ती मला विनंत्या करते!

चौकटीचं म्हणशील तर वाकडी आहे. ती असणारच. या थंडीत जमीन वर येते, घर खचतं, चौकटी वाकतात. बाबांच्या घरातही वाकल्या होत्या. उजव्या डोळ्याने जास्त वाकडी दिसते कारण त्या बाजूने उजेड येतो. खिडकीही वाकलीय. समोरचा विजेचा खांबही, पण तो पहिल्यापासूनच तसा असेल, मी कधी नीट बघितला नव्हता.

कमिटीने प्लेऑफसाठी मला पुन्हा बोलावलंय. पहिली मॅच एक मार्चला, पुन्हा पिनक्रीक. अध्यक्ष म्हणाला, "ओरेस्ट, लोक काही म्हणोत, तुम्ही नसाल तर त्या पेटीत बसणार कोण?" मी हो म्हटलं. हे वाक्य मला या घरात कुणी म्हणत नाही.

तू माझा गोल बघितला नाहीस, तू तिथे नव्हतीस. तेव्हा त्याबद्दल बोलू नकोस. आणि मनगट बरं होईपर्यंत पत्र पाठवलं नाहीस तरी चालेल.

ओरेस्ट


थंडर बे
२५ फेब्रुवारी, कुरियरने

ओरेस्ट,

हे अक्षर माझं आहे. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील. मान वाकडी करून, कागद उजवीकडे धरून, जाड काळ्या पेनने लिहितेय आणि काय लिहिलं ते मला नीट वाचता येत नाही. ओडेट खाली आहे, तिला हे ठाऊक नाही.

माझं मनगट ठणठणीत आहे.

दोन वर्षांपूर्वी बातम्यांतल्या बाईचं नाक माझ्याकडेही गेलं. मी म्हटलं टीव्ही जुना झाला. मोठा घेतला, फोर-के. तिला नाक आलं नाही. मी दुकानात जाऊन भांडले, तुझ्यासारखीच, आणि त्यांनी बदलूनही दिला. मग वाटलं केबलची तार खराब असेल. मग औषधाच्या दुकानातून जाड चष्मा आणला. मग टीव्ही मध्येच ठेवून खुर्ची कोपऱ्यात नेली, म्हणजे तिरकं बघता येईल. दारांच्या चौकटी वाकड्या झाल्या तेव्हा मी घरमालकाला पत्र लिहिलं की इमारत खचतेय. इतकं सगळं केलं, ओरेस्ट, आणि एका डॉक्टरकडे गेले नाही.

गेले तेव्हा उशीर झाला होता. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, अगदी मधोमध, रक्त झिरपत असतं. लवकर गेलं तर डोळ्यात सुई देऊन थांबवता येतं. माझ्या डाव्या डोळ्याचा मधला भाग गेला, तो परत येणार नाही. उजवा सुयांवर टिकलाय. डॉक्टर बाई फक्त एवढंच म्हणाली, "थोडं आधी यायला हवं होतं." ती चांगली होती, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

गाडी बिघडली म्हणून विकली असं तुला कळवलं, तेही खोटं होतं. तुझी कीव नको होती मला. तू रागावलास, संशय घेतलास, टोमणे मारलेस तरी मला चालतं, त्यात आपण दोघं लहान असल्यासारखी वाटतो. पण तू माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागला असतास तर मी ते सहन केलं नसतं.

म्हणून मला कळतं. लबाड म्हटलेलं तुला चालतं, आंधळा म्हटलेलं चालत नाही. चकती आत जाताना तू बघितली नाहीस. किती दिवस कानांवर दिवा लावतोयस? खांबाला लागली की टण्ण वाजतं, जाळीत गेली की आवाज मरतो. बाबा आपल्याला डोळे मिटून ओळखायला लावायचे, मीही ओळखायचे. त्या दिवशी ड्वेनच्या आईच्या घंटेने तुझे कान काढून घेतले, म्हणून तिचा राग. तिला तू शत्रू समजलास आणि तिच्या पोराची मॅच घालवलीस.

मला तुझी पेटी नको, घर नको, चावी नको. मला तुझे डोळे हवेत. माझं तोंड ओळखणारं आता तुझ्याशिवाय कोण उरलंय? एक मार्चला त्या पेटीत बसू नकोस. ट्रक चालवू नकोस. कर्टिसला म्हण, मला रेजायनाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन चल. उद्या नाही, हे वाचशील त्या दिवशी.

मी हे पुन्हा वाचू शकत नाही, म्हणून असंच पाठवतेय.

तुझी ताई


हॅल्डेन
११ मार्च

स्टेफाताई,

हे अक्षर कर्टिसचं आहे. कोंबडीने शेणात पाय बुडवून कागदावर चालावं तसं आहे, सवय कर. मी बोलतोय, तो लिहितोय. हेही लिहायला लावलं तेव्हा जरा थांबला होता.

तुझं पत्र एक मार्चला सकाळी आलं. वाचायला मला बराच वेळ लागला. तुझ्या ओळी एकमेकींवर चढलेल्या आणि माझा डोळा मधली प्रत्येक गोष्ट गिळणारा. दोन आंधळ्यांनी पत्रव्यवहार करावा तसं झालं. संपलं तेव्हा मी भयंकर रागावलो होतो. कुणावर ते कळेना, म्हणून पत्र साखरेच्या डब्याखाली ठेवलं आणि संध्याकाळी रिंकवर गेलो. चालत. तेवढं तुझं ऐकलं.

पेटीत बसलो. दोन्ही टीम सराव करत होत्या. मी उजवा डोळा झाकला, मग डावा. गोलचा खांब वाकडा दिसला, ताई. तो तर लोखंडाचा असतो. आणि खांबांच्या मध्ये ड्वेन उभा होता, त्याला डोकंच नव्हतं. तेवढ्यात घंटा सुरू झाल्या आणि मग माझ्याकडे कानही उरले नाहीत.

मी पेटीचं दार उघडलं आणि बर्फावर उतरलो, साध्या बुटांनी. सगळं रिंक बघत होतं. पाय सरकत होते. कर्टिस धावत आला आणि दंडाला धरलं, मी सोड म्हटलं नाही. ड्वेनपाशी गेलो आणि म्हटलं, "त्या दिवशीचा गोल मी बघितलाच नव्हता. मला दिसत नाही."

त्याने हेल्मेट काढलं. म्हणाला, "आम्हाला वाटलं तुम्ही लबाडी केली."

मी म्हटलं, "तुम्हाला तसं वाटलेलं मला बरं वाटत होतं."

तेव्हा कर्टिस म्हणाला, आणि हे त्याला मी मुद्दाम त्याच्याच हाताने लिहायला लावतोय, "खांबाला लागली होती. मी समोरच होतो, मला दिसलं. मी गप्प बसलो." लिहिलंस? दाखव. हं.

नंतर गाडीत मी विचारलं, "तुला माहीत होतं तर बोलला का नाहीस?" तर म्हणतो, "बोललो असतो तर तुम्ही का दिवा लावला हेही बोलावं लागलं असतं." शनिवारी तो मला मान तिरकी करून मॅच बघताना बघायचा. त्याने लारिसाला सांगितलं, ती रडली, आणि मला सांगायची दोघांचीही हिंमत नव्हती. म्हणून त्याने आपल्या अकलेने टीव्ही आणला, की चित्र मोठं झालं तर म्हाताऱ्याला दिसेल आणि कुणालाच काही बोलावं लागणार नाही. बघ, मी म्हणत होतो ना की त्या टीव्हीमागे काहीतरी आहे? होतंच. फक्त मी समजलो ते नव्हतं.

पेटीत कोण बसलं माहितेय? ड्वेनची आई. आमच्याच लोकांनी तिचं नाव सुचवलं, निदान मोठी घंटा तरी बंद होईल म्हणून. आम्ही हरलो. दिवे तिने सगळे बरोबर लावले म्हणतात. मला एकाबद्दल संशय आहे.

दुसऱ्या दिवशी अंधारातच कर्टिसने मला रेजायनाला नेलं. डोळ्यात सुई देतात, ताई! तू मला पत्रात एका ओळीत उरकलंस ते. मी डॉक्टरला विचारलं, "तुमची सुई खरी की टीव्हीवाल्याच्या गप्पांसारखी?" तो हसला आणि म्हणाला, डाव्यात नुकतंच सुरू झालंय, तो वाचेल बहुतेक. उजव्यातलं गेलेलं परत येईल असं धरून चालू नका. थोडं आधी आला असता तर, असं काही तो म्हणाला नाही, पण मला ते ऐकू आलं. येताना वाटेत एका पंपावर कर्टिसने मला कॉफी आणून दिली आणि कप माझ्या हातात नीट बसेपर्यंत सोडला नाही. मला रडू आलं. डोळ्यात औषध होतं, त्यामुळे त्याला कळलं नसेल. आता कळलं, कारण लिहितोय तोच. लिही रे, गाळू नकोस.

ट्रकची चावी लारिसाकडे आहे. आरसा माझ्याच हातून तुटला होता, टपालपेटीला लागून. टपालपेटीवर त्याच रंगाचा ओरखडा आहे, कर्टिसने दाखवला. तो ओरखडा तिथे आधीपासून असू शकतो. पण नसेल.

तू आंधळी होत चालली होतीस आणि मला मनगट लिहीत होतीस. याचा राग मी अजून सोडलेला नाही. इथे येशील तेव्हा समोर बसवून भांडणार आहे, मोठ्या आवाजात. हळू आवाजात बोलणार नाही, घाबरू नकोस.

एप्रिलमध्ये ये. टीव्हीवरचे सगळे प्लेऑफ इथेच बघू. ओडेटला गाडीत बसवून द्यायला सांग, आणि तिला माझा नमस्कार. तिच्याबद्दल मी जे लिहिलं ते तिनेच तुला वाचून दाखवलं असेल, तर मनावर घेऊ नको म्हणावं. लारिसा व्हारेनिकी करून ठेवेल, बटाट्याचे, तुला आवडतात ते.

टीव्ही ठेवलाय. घेण्यात अर्थ होता का, असं मी तुला जानेवारीत विचारलं होतं. जुना तळघरातून आणून शेजारी लावून बघितला. कर्टिसला फरक दिसतो म्हणतो, मला दोन्हींत निळी रेघ सारखीच वाकडी. डाव्याने बघितली तर थोडी कमी. खुर्ची टाकून दिली आणि सोफा पार पुढे ओढलाय, तू म्हणाली होतीस तसा. तुझा उजवा आणि माझा डावा मिळून एक प्रेक्षक पुरता होतो. मात्र मी "गोल" म्हणून ओरडलो की लगेच विश्वास ठेवू नकोस, आधी तुझ्या उजव्याने बघून घे.

तुझा,
ओरेस्ट